डिअर पेरेंट्स, सातपूर

नातीच्या शाळेत वर्षातून दोनदा वारी येते. पहिली शाळेला न विचारता येते. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, आणि नाशिकात यायचं तर तिला त्र्यंबक रोड धरून सातपूरवरूनच यावं लागतं. त्या सकाळी मोबाइलवर शाळेची सूचना येते. डिअर पेरेंट्स, पालखीमुळे वाहतूक संथ राहील, स्कूल बसला उशीर होईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मग तीन-चार आठवडे जातात आणि दुसरी सूचना येते. डिअर पेरेंट्स, आषाढी एकादशीनिमित्त शाळेच्या प्रांगणात दिंडीचे आयोजन केले आहे. मुलांनी धोतर-सदरा, मुलींनी नऊवारी नेसून यावे. तुळशीवृंदावन सोबत आणावे. प्लॅस्टिकचे चालेल.

सूचना अर्थातच इंग्रजीत असतात. शाळा इंटरनॅशनल आहे.

आमचे व्हॅनवाले काका स्पष्ट बोलणारे आहेत. ते म्हणाले, "आबा, खरी वारी समोरून चालली होती, तेव्हा पोरांना काचा लावून बसवलं. आता त्याच वारीला भाड्याची धोतरं. दीडशे रुपये दिवसाचे, वर डिपॉझिट वेगळं." काकांचं गणित बरोबर आहे, पण मला शाळेची दिंडी मनापासून आवडते. मैदानाला दोन फेऱ्या होतात. संताच्या भूमिकेतल्या मुलाची दाढी दुसऱ्या फेरीपर्यंत हनुवटीखाली येते. विठ्ठल झालेल्या मुलाचे हाल मात्र बघवत नाहीत. फोटो नीट यावेत म्हणून त्याला कमरेवरचे हात काढू देत नाहीत, आणि भक्तांच्या गर्दीत त्याला बाथरूमला जायचंय हे फक्त रुक्मिणीला कळलेलं असतं. ती मिसला जाऊन सांगते. अठ्ठावीस युगं उभं राहणं सोपं नाही, हे पोरांना त्या दिवशी समजत असावं.

शाळेचं वर्षाचं कॅलेंडर गुळगुळीत कागदावर छापून येतं. त्यात यलो डे आहे, अर्थ डे आहे, योगा डे आहे, ग्रँडपेरेंट्स डे आहे. त्र्यंबक रोडचं पंचांग मात्र या कॅलेंडरला न जुमानता चालतं. श्रावणातला तिसरा सोमवार आला, की ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं रविवारी संध्याकाळपासूनच रस्त्याला लागतात. सोमवारी बस वेळेवर येईल ही आशा फक्त शाळेला असते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या थंडीत कानटोप्या, उपरणी बांधलेल्या दिंड्या उलट्या दिशेनं, त्र्यंबककडे जातात, आणि नेमका तेव्हाच शाळेत स्पोर्ट्स डेचा सराव चाललेला असतो. मैदानातून ढोल आणि रस्त्यावरून पखवाज असे दोन्ही आवाज मिसळतात, आणि पहिलीतली पोरं मार्चपास्ट सोडून पखवाजावर पावलं टाकायला लागतात. पीटीचे सर शिट्ट्या मारून दमतात. गुढीपाडव्याला सातपूर गावात बारागाड्या ओढतात, तेव्हा मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात. आणि २०२७ चा सिंहस्थ तर अजून यायचाच आहे. त्या वर्षीचं कॅलेंडर शाळेनं पेन्सिलीनं लिहावं, असं मी सुचवणार आहे.

गेली काही वर्षं या पंचांगात बिबट्याची भर पडली आहे. गंगापूर रोड, सातपूर या बाजूला बिबट्या दिसणं ही आता नवलाई राहिलेली नाही. ऊस, मळे, नासर्डी नदीच्या काठची झाडी आणि मोकाट कुत्री एवढं असल्यावर तो तरी कशाला दूर जाईल? एकदा सूचना आली, की परिसरात बिबट्याचा वावर असल्याने उद्याचा मैदानावरचा सराव रद्द करण्यात येत आहे, पुढील तारीख कळवण्यात येईल. खाली नेहमीप्रमाणे फुगे आणि फुलं. फुगे बहुधा आधीपासून त्या चौकटीत असावेत, मजकूर तेवढा बदलला असणार. पुढच्या महिन्यात फॅन्सी ड्रेस होता. परीकथेतलं पात्र होऊन या, असा विषय होता. नातीच्या वर्गातली निम्मी मुलं बिबट्या होऊन आली.

मी सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. त्यामुळे सूचना वाचायची मला जुनी सवय आहे. कंपनीच्या गेटशी नोटीस बोर्ड होता. त्याला काच होती, काचेला कुलूप होतं आणि किल्ली टाइमकीपरकडे असे. तिथली नोटीस 'सर्व कामगारांना कळविण्यात येते की' अशी सुरू व्हायची आणि 'अन्यथा' या शब्दापाशी येऊन थांबायची. 'अन्यथा' आधी वाचावं, मग वरचं, ही आमची रीत. शाळेची सूचना ग्रीटिंग्जनं सुरू होते. तिच्यात अन्यथा नसतं, पण शेवटची ओळ असतेच, आणि मी अजूनही खालूनच वाचायला सुरुवात करतो. इतक्या वर्षांत एक नियम हाती लागला आहे. सूचनेत इंद्रधनुष्य, फुलपाखरं आणि तारे जितके जास्त, तितकी शेवटच्या ओळीतली रक्कम मोठी. नुसत्या काळ्या अक्षरांतली सूचना आली तर खुशाल समजावं, फुकटातलं काहीतरी आहे. बहुतेक सुट्टी.

पण शाळेच्या नावातल्या इंटरनॅशनलला हसायचा सातपूरकरांना अधिकार नाही, असं माझं मत आहे. इंटरनॅशनल आम्ही शाळेच्या फार आधी झालो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालं, आणि पुढे इथल्या मळ्यांवर शेड उभ्या राहिल्या. सातपूरला तेव्हा स्वतःची नगरपालिका होती. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा ती तिच्यात गेली. आणि या साऱ्यात आमच्या गावात जर्मनी, इटली आणि स्वीडन येऊन राहिले. मायको म्हणजे बॉश. तिचं नाव २००८ मध्ये अधिकृतपणे बदललं, तरी सातपुरात आजही कुणी 'तो मायकोत होता' असंच सांगतो. सीएट हे नाव मूळचं इटलीतल्या तुरीन शहराचं, तिथे १९२४ साली निघालेल्या कंपनीचं. एबीबीचं घराणं अर्धं स्वीडनचं, अर्धं स्वित्झर्लंडचं, आणि आमच्याकडे तिच्या नावाचं एक सर्कल आहे. तिथे सिग्नलला उभं राहून लोक कांद्याचा भाव विचारतात. परदेशी साहेब पाहणीला यायचे तेव्हा शॉपफ्लोअरवर पिवळे पट्टे नव्यानं मारले जायचे, आणि आम्हाला धुतलेला युनिफॉर्म घालून यायची नोटीस लागायची. शाळेतही कुणी पाहुणा यायचा असला की आदल्या दिवशी सूचना येते: मुलांनी स्वच्छ गणवेशात यावे. सातपूरला हे शिकवायला नको.

याहून मोठी गंमत मला उशिरा समजली. जगातल्या सुरुवातीच्या इंटरनॅशनल शाळांपैकी एक जिनेव्हाला निघाली, तीही १९२४ सालीच. पहिलं महायुद्ध संपलं होतं, राष्ट्रसंघ स्थापन झाला होता, आणि त्याच्याबरोबर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. दोन्हींचे अधिकारी देशोदेशींहून जिनेव्हाला येऊन राहिले. त्यांच्या मुलांनी शिकायचं कुठे, म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना घेऊन ती शाळा सुरू झाली. म्हणजे या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी कामगार आहे. पाळीचे तास किती असावेत, बालमजुरी कशी थांबवावी, हे ठरवणाऱ्या कचेरीतल्या माणसांच्या पोरांसाठी ती शाळा होती. आणि इथे, शंभर वर्षांनी, श्रमिकनगरातून, अशोकनगरातून, कामगारनगरातून पिवळ्या बस भरून जातात. मध्ये बऱ्याच गोष्टी घडल्या. कोडाईकनालची १९०१ सालची मिशनरी शाळा पुढे इंटरनॅशनल झाली. ज्या महिंद्राची गाड्यांची फॅक्टरी आमच्या सातपुरात आहे, त्याच महिंद्राच्या नावाचं, जगभरातली मुलं एकत्र राहून शिकतात असं एक कॉलेज १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात पौडजवळ उभं राहिलं. सरकारलाही मध्ये हुक्की आली होती. २०१८ च्या सुमाराला त्यांनी महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्यात घातल्या आणि सरकार बदलल्यावर मंडळ गुंडाळलं. त्या मंडळाशिवायच २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले, आणि दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले. आमच्या त्र्यंबक तालुक्यातच हिवाळी नावाच्या पाड्यावरची केशव गावित सरांची झेडपी शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते, आणि तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात. हे मी नातीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांचा होमवर्क डबल असतो का?"

तर इंटरनॅशनल डे. प्रत्येक वर्गाला एक देश वाटून देतात. त्या देशाचा पोशाख, झेंडा आणि एक पदार्थ. नातीच्या वर्गाला इटली आली. सूनबाई नोकरी करते, चिरंजीव सेकंड शिफ्टला, तेव्हा इटली आमच्या दोघांच्या गळ्यात पडली. आमची ही मूळची अमळनेरची. मॉलमधून आणलेली पास्त्याची पाकिटं तिनं टेबलावर ओतली, चष्मा लावला आणि एकेक तुकडा उचलून पाहायला लागली. "हाई काय शे?" असं म्हणाली. खानदेशी फक्त रागावल्यावर किंवा हरखल्यावर बाहेर येते, त्यामुळे आधी मला कळेना की नेमकं काय झालंय. मग तिनं वर्गवारी सुरू केली. ही बारकी, तांदळाएवढी म्हणजे गव्हले. ही नखानं दाबल्यासारखी म्हणजे नखुले. ही बोटावर वळलेली म्हणजे बोटवे. "माझ्या लग्नात रुखवतावर ठेवले होते की हे सगळे. आमच्या आक्कानं वळले होते." पाकिटावरची इटालियन नावं तिनं वाचलीच नाहीत. तिला गरजच नव्हती. मग तिनं पास्ता बाजूला ठेवून स्वतःच रवा भिजवला, आणि दोन दुपारी शेजारच्या दोघीजणींना बसवून नखुले वळले. टोमॅटो, लसूण आणि वरून किसलेलं चीज. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी चव घेऊन विचारलं, "हे कुठल्या ब्रँडचं?" सूनबाईनं उत्तर दिलं, "होममेड." ही मागे उभी होती. तिनं मान डोलवली, आणि इटलीला पहिलं बक्षीस मिळालं. जपानवाल्यांनी पोह्याचे गोळे करून सुशी म्हणून ठेवले होते. ब्राझीलच्या टेबलावर कोथिंबीर वडी होती. तिचा ब्राझीलशी संबंध कुणालाच सांगता आला नाही, पण सगळ्यात आधी संपली तीच.

पोशाखाचं दुकान सातपूर कॉलनीत आहे. गॅदरिंगच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसते. भिंतीला समांतर लोखंडी नळ्या आणि त्यांवर हँगर. प्रत्येक हँगरला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मार्करनं नाव: शिवाजी ६ ते ८, झाशीची राणी मोठी, भाजीवाली, झाड, सूर्य, गांधीजी फक्त चष्मा. इटलीचा पोशाख मागितल्यावर दुकानदारानं जरा विचार केला, काठी घेतली आणि वरच्या नळीवरून बँडवाल्याचा लाल कोट खाली काढला. "हे चालून जातं. मागच्या वर्षी फ्रान्सला गेलं होतं."

ग्रँडपेरेंट्स डेला मात्र भाड्याचं काही लागत नाही. आम्ही जसे आहोत तसे लागतो. सूचनेत एक फॉर्म असतो: किती आजी, किती आजोबा, मधुमेह आहे का, खुर्ची लागेल का. सातपुरातल्या आजोबांची ही कंपनीतून रिटायर झालेली पहिली मोठी तुकडी. नगर, खानदेश, कसमादे, विदर्भ कुठून कुठून आलेलो, इथेच घरं बांधली. त्यामुळे हॉलमध्ये शिरताना एकमेकांची ओळख नातवंडांवरून पटत नाही, डिपार्टमेंटवरून पटते. "अरे, तू हीट ट्रीटमेंटचा ना?" मिस सांगत राहतात, प्लीज टेक युवर सीट्स, पण तिकडे १९८९ च्या ओव्हरटाइमचा हिशेब चाललेला असतो.

आधी मुलांचा नाच झाला. मग आजींची संगीत खुर्ची. या खेळाबद्दल शाळेचा काहीतरी गोड गैरसमज असावा. गुडघे बदललेल्या दोन आजी शेवटच्या खुर्चीशी पोचल्या, दोघींनी पदर खोचला, आणि संगीत थांबायच्या आधीच दोघी बसल्या. एक खुर्चीवर, दुसरी पहिलीवर. मिसनं दोघींना विजयी घोषित केलं. ते शहाणपणाचं झालं.

मग 'शेअर युवर मेमरीज' आलं. मुलांना आपल्या बालपणाच्या आठवणी सांगा, प्रत्येकी दोन मिनिटं. एक-दोघांनी चिंचा, बोरं, विहिरीतलं पोहणं सांगितलं. तिसरे उठले ते युनियनमध्ये मुरलेले गृहस्थ. मी त्यांना गेट मीटिंगला शेकडो माणसांसमोर बोलताना ऐकलंय. त्यांनी माइक घेतला, दोन बोटांनी त्यावर टकटक केली. "हॅलो, हॅलो. मागे आवाज पोचतोय का?" मागच्या रांगेतली पोरं ओरडली, "येस्स!" त्यांनी घसा साफ केला आणि हात वर करून म्हणाले, "कामगार बंधू आणि भगिनींनो!"

हॉलमध्ये क्षणभर शांतता झाली. मग आम्ही सगळे म्हातारे हसलो, आम्ही हसलो म्हणून पोरं हसली, आणि पोरं हसली म्हणून मिसही हसल्या. पण गृहस्थ डगमगले नाहीत. त्यांनी सांगितलं ते बालपण नव्हतंच. सकाळी सातच्या पाळीला त्र्यंबक रोडवर सायकलींची जी रांग लागायची ती त्यांनी सांगितली. हँडलला अडकवलेले डबे, पॅन्टला लावलेल्या क्लिपा, पहिला भोंगा, दुसरा भोंगा, आणि दुसऱ्यानंतर आलेल्याचा अर्धा दिवस कापला जायचा. पोरांनी विचारलं, भोंगा म्हणजे काय? त्यांनी तोंडानं वाजवून दाखवला. मग दोनशे पोरांनी तोंडानं भोंगा वाजवला. तेवढ्यात दोन मिनिटं संपल्याची खूण मिसनं केली. आयुष्यभर मॅनेजमेंटच्या खुणांकडे दुर्लक्ष केलेला माणूस तो. त्यांनी खूण पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "आता मागण्यांकडे येतो."

मागणी एकच होती. पिण्याच्या पाण्याचा नळ फार उंच आहे. त्यांचा नातू सीनियर केजीत, त्याला बाटली भरायला दुसऱ्याच्या खांद्याला धरून चढावं लागतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रिन्सिपल मॅडमनी डायरीत लिहून घेतलं. पुढल्या आठवड्यात सूचना आली: डिअर पेरेंट्स, ग्रीटिंग्ज! आमच्या आदरणीय आजी-आजोबांच्या मोलाच्या सूचनेनुसार लहान मुलांसाठी वेगळे नळ बसवण्यात आले आहेत. खाली फुलं होती, रक्कम नव्हती. मी दोनदा खालपर्यंत जाऊन पाहिलं.

पालक-शिक्षक संघाचंही कंपनीसारखंच. राज्याचा २०११ चा शुल्काचा कायदा सांगतो, की शाळेत असा संघ हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीनं घ्यायचा. त्यामुळे जूनमध्ये चिठ्ठ्या निघतात. ज्याला समितीत यायचं असतं त्याचं नाव कधी निघत नाही, आणि ज्याचं निघतं तो थर्ड शिफ्ट करून हॉलमध्ये झोपलेला असतो. आमच्या इयत्तेतून अशीच एका झोपलेल्या गृहस्थांची चिठ्ठी निघाली. ते दचकून उठले आणि म्हणाले, "हजर!" फीवर बोलणी होतात तेव्हा सातपूरच्या पालकांना जागा अनोळखी वाटत नाही. टेबलाच्या दोन बाजू असतात, मध्ये बिस्किटं. कंपनीतला करार बहुधा तीन वर्षांचा, शाळेत ठरलेली फी दोन वर्षांची. तिकडे वाढ आम्ही मागायचो, इकडे ते मागतात. बाकी सगळं तेच. पहिल्या बैठकीत निकाल लागू द्यायचा नसतो, हेही दोन्हीकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

मराठी भाषा गौरव दिनाची सूचना २७ फेब्रुवारीच्या आठवडाभर आधी इंग्रजीत येते. २०२० च्या कायद्यानं कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीची आहे, आणि कुसुमाग्रज जिथे राहायचे ती टिळकवाडी सातपूरहून रिक्षाच्या अंतरावर आहे. तेव्हा इथे तो दिवस जोरात व्हायलाच हवा, आणि होतोही. त्या दिवशी मिसला ताई म्हणायचं असतं. मुलं 'ताई मिस' म्हणतात.

खऱ्या बातम्या मात्र कुठल्याच सूचनेत येत नाहीत. त्या दुपारी, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी, गेटसमोरच्या लिंबाखाली मिळतात. कुठल्या कंपनीनं व्हीआरएस काढली, कुणाचा मुलगा कॉन्ट्रॅक्टवरून परमनंट झाला, कुणाची बदली चाकणला झाली आणि आता पोरीची टीसी काढावी लागणार. कुठे भरती आहे, आयटीआयवाले घेतात की नुसते डिप्लोमावाले. व्हॅनवाल्या काकांना सगळ्या शिफ्ट पाठ आहेत. कुठल्या मुलाला आज बाबा घेणार, कुठल्याला आई, कुठल्याला शेजारी, हे ते न विचारता सांगतात. एखादं पोर आठवडाभर डबा अर्धा परत आणत असलं तर तेही त्यांना माहीत असतं. कारणही बहुतेक वेळा माहीत असतं. ते कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्या मुलाच्या हातात केळं ठेवायचं काम लिंबाखाली ठरतं. घंटा झाली की ही सगळी सभा बरखास्त होते, आणि प्रत्येक जण आपापलं दप्तर खांद्यावर घेऊन निघतो.

सध्या घरात पुढच्या शुक्रवारची गडबड आहे. सूचना आली आहे, कम्युनिटी हेल्पर्स डे. आपल्याला मदत करणाऱ्या एका व्यक्तीचा पोशाख, एक चार्ट आणि चार ओळींचं भाषण. नात म्हणाली, "मी पप्पा होणार." पप्पा अंबडला सीएनसी ऑपरेटर आहेत. माझी छाती जरा फुगली. पिढी दुसरी असली तरी मशीन तेच, असं काहीबाही मी बोललो. मग तिला घेऊन स्टेशनरीच्या दुकानात गेलो. तिथे या दिवसाचे तयार तक्ते मिळतात, कात्रीनं कापून चिकटवायचे. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, शेतकरी, शिक्षिका, चांभार, सुतार, अग्निशमनवाला. मी सगळे उलटून पाहिले. फिटर नाही, टर्नर नाही, वेल्डर नाही, सीएनसीवाला तर नाहीच.

"कामगाराचा नाही का एखादा?" मी विचारलं.

"तसला छापून येत नाही, आबा," दुकानदार म्हणाला. "सकाळपासून तुम्ही पाचवे."

नात तोवर कोपऱ्यातल्या खोक्यात डोकं घालून बसली होती. तिनं एक खाकी टोपी काढून डोक्यावर घातली आणि आरशात पाहिलं. टोपी कानांपर्यंत आली. "मी पोस्टमन होते," तिनं जाहीर केलं. "टोपी तयार आहे."

चाळीस रुपये झाले. डिपॉझिट नाही.